मदत हवी आहे: जबड्याच्या पुनर्रचनेनंतर प्लेट उघडी पडली आहे, दुसऱ्या ऑपरेशनआधी काय बघावं?

नमस्कार मंडळी,

आप्पांसाठी (माझे वडील, वय ५८) हा धागा काढते आहे. तोंडाच्या कॅन्सरनंतर ज्यांच्या घरात कुणाच्या जबड्याची पुनर्रचना झाली आहे त्यांनी, आणि इथे जे डॉक्टर, डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट आहेत त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आप्पांना उजव्या खालच्या हिरडीला लागून गाठ होती. तंबाखू-चुना तरुणपणापासून. मागच्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं. जबड्याचा उजवा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. डाव्या पायातलं फिब्युला हाड, वरच्या कातडीसकट आणि रक्तवाहिन्यांसकट, जबड्याच्या जागी टायटॅनियमच्या प्लेटने बसवलं. दुसऱ्याच रात्री तोंडातला तो फ्लॅप (पायातून आणून बसवलेला हाड-कातडीचा भाग) निळसर पडून सुजायला लागला. ड्यूटीवरच्या सिस्टरनी सुई टोचून पाहिली तर काळपट रक्त भराभर आलं. त्यांनी सकाळची वाट पाहिली नाही, लगेच डॉक्टरांना उठवलं. आप्पांना परत आत नेलं, शिरेत गुठळी झाली होती ती काढून रक्तवाहिनीचा जोड नव्याने केला आणि फ्लॅप वाचला. त्या सिस्टरचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

पुढे रेडिएशन झालं, एकूण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), ३० वेळांत विभागून. तेही आप्पांनी सोसलं. चेहरा बराच पहिल्यासारखा झाला होता, लग्नाकार्याला जायला लागले होते.

दिवाळीनंतर हनुवटीच्या उजवीकडे, खालच्या कडेला पुटकुळी आली. फुटली, पू आला, गोळ्यांनी सुकली आणि पुन्हा फुटली. असं चालूच राहिलं. आता तिथे शर्टाच्या काजाएवढं भोक आहे. आत प्लेटची चकचकीत कड आणि एका स्क्रूचं डोकं दिसतं. चहा पिताना एखादा थेंब त्या भोकातून बाहेर येतो. आप्पा उपरण्याचं टोक हनुवटीखाली दाबून धरतात आणि मगच घोट घेतात. पंगतीला बसणं त्यांनी सोडलंय. ज्वारीची पेज, ताक, गाळलेलं वरण, एवढंच पोटात जातं. वजन ५१ किलोवर आलंय. तोंडात दोन बोटंही नीट जात नाहीत. शुगर आहे, गोळी चालू आहे.

मुंबईची टीम म्हणते की प्लेट काढावी लागेल आणि बहुतेक छातीचा स्नायू वर आणून भोक बुजवावं लागेल. आमच्या जिल्ह्यातले एक सर्जन म्हणतात की आत्ता नुसतं साफ करून टाके घालू, मोठं ऑपरेशन कशाला. आप्पांना साहजिकच दुसरं पटतंय. पहिल्या ऑपरेशनचा धसका अजून गेलेला नाही. आई म्हणते, पायाचं हाड दिलं, आता छाती कापायची म्हणजे माणसाचं राहिलं काय?

नुसते टाके टिकतील का? पुन्हा मोठं ऑपरेशन करायचं तर पहिल्यासारखा प्रसंग टाळण्यासाठी आम्ही घरून काय तयारी करावी? डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत? योजनेतून दुसऱ्यांदा खर्च मिळतो का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

सीनाकाठ

---

माळावरचा वारा:

ताई, आमच्या चुलत्यांचं अगदी असंच झालं होतं. गावाजवळच टाके घालून घेतले. सगळे खूश. पंधरवड्यात टाके निसटले आणि भोक आधीपेक्षा मोठं झालं. पुढे सीटी केला तेव्हा कळलं की आतला हाडाचा तुकडाच मेलेला होता. तो आत असेपर्यंत वरून कितीही शिवलं तरी काही उपयोग नव्हता. छातीचा फ्लॅप झाला. पहिले दोन महिने मान एका बाजूला ओढल्यासारखी वाटायची आणि गळ्यापाशी फुगवटा दिसायचा, तो हळूहळू उतरला. आता ते मऊ भात, भाजी व्यवस्थित खातात. आप्पांना बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चुलते स्वतः बोलतील. जे यातून गेलेत त्यांचंच आप्पा ऐकतील, असा माझा अनुभव आहे.

योजनेचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांच्याकडे पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड, आधार आणि आत्ताचे फोटो घेऊन जा. दुसऱ्या ऑपरेशनची पूर्वपरवानगी वेगळी घ्यावी लागते. ॲडमिट व्हायच्या आधीच विचारून ठेवा.

---

टाका_डॉक्टर:

मी प्लास्टिक सर्जन आहे. आप्पांना न तपासता कुठलं ऑपरेशन करा हे मी सांगणार नाही. पण विचार कुठल्या क्रमाने करावा ते जरूर सांगतो.

भोक कसं बुजवायचं हा नंतरचा प्रश्न. ते का पडलं हे आधी शोधायला हवं. सगळ्यात पहिली शंका आजार परत आल्याची. ती मनात आणायला कुणाला आवडत नाही, पण भोकाच्या कडेचा तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. नुसत्या पेट स्कॅनवर विसंबू नका, कारण पू असला तरी स्कॅनमध्ये ती जागा उजळते. मग सीटीवर बघायचं की पायातून आणलेलं हाड दोन्ही टोकांना जबड्याशी जुळलं आहे का. जुळलं नसेल तर ते सूक्ष्म हालत राहतं, स्क्रू सैल होतात आणि पू धरतो. तिसरं म्हणजे रेडिएशनने हाड मरणं. फिब्युलाला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, त्यामुळे हा त्रास बहुधा उरलेल्या मूळ जबड्यात किंवा जिथे दोन हाडं जुळवली त्या सांध्यापाशी दिसतो. आणि चौथी शक्यता त्यातल्या त्यात बरी: हाड छान जुळलेलं आहे, फक्त रेडिएशनने पातळ झालेल्या कातडीला आतून प्लेट घासली आणि ती बाहेर आली. अशा वेळी प्लेटचं काम संपलेलं असतं. ती काढली की निम्मी लढाई जिंकलीत.

गोळ्यांनी सुकतं आणि पुन्हा फुटतं, त्याचं कारणही तिथेच आहे. धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्याच्या आत औषध पुरेसं पोचत नाही. प्लेट आत असेपर्यंत अँटिबायोटिक फक्त वेळ मारून नेतं.

तुमच्या लिहिण्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे चहाचा थेंब. तो बाहेर येतो याचा अर्थ भोक तोंडापर्यंत आरपार आहे. याला आम्ही फिस्तुला म्हणतो. यात आतलं अस्तर आणि बाहेरची कातडी, दोन्ही बंद करावी लागतात आणि मधे जिवंत, रक्त खेळतं मांस लागतं. बाहेरून टाके घातले तरी आतून लाळ झिरपतच राहते, आणि रेडिएशन झालेली कातडी टाके धरून ठेवत नाही. म्हणून "साफ करून टाके" हे बायोप्सी आणि पुवाचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) घेण्यासाठी पहिली पायरी म्हणून ठीक आहे. तोच इलाज असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही.

छातीच्या फ्लॅपबद्दल आईंना सांगा की छाती रिकामी होत नाही. छातीवरचा एक स्नायू त्याच्या मूळ रक्तवाहिनीला लटकलेला ठेवून गळ्याखालून वर फिरवतात. १९७९ साली अरियन या अमेरिकन सर्जननी तो डोक्या-मानेच्या दुरुस्तीसाठी वापरात आणला. आपल्याकडे आजही तो भरवशाचा गडी आहे. रक्तवाहिनी कापून पुन्हा जोडायची नसल्यामुळे पहिल्या वेळेसारखी जोडात गुठळी होण्याची भीती इथे नाही. मात्र त्या वाहिनीचा देठ पिळवटला किंवा दाबला गेला तर कडा काळ्या पडू शकतात, म्हणून त्या बाजूला घट्ट पट्टी किंवा ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची) नाडी आवळलेली नको. खांद्याची ताकद थोडी कमी होते. पुन्हा नवीन हाड लागणार असेल तर गोष्ट वेगळी. उजव्या मानेतल्या वाहिन्या वापरून झाल्यात, त्यांवर रेडिएशनही झालंय, म्हणजे डाव्या बाजूपर्यंत पोचावं लागेल. टीमला हा प्रश्न थेट विचारा: "आतलं हाड काढावं लागलं तर पुढे काय ठरवलंय?"

आता घरची तयारी. दुरुस्ती टिकते की नाही हे बरंचसं इथे ठरतं. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. शेवटची तपासणी स्वस्त आहे आणि हमखास राहून जाते. मानेवरच्या रेडिएशननंतर थायरॉइड बऱ्याचदा मंदावतो, आणि मंदावलेल्या थायरॉइडवर जखमा नीट भरत नाहीत. पेज आणि ताकावर हे ऑपरेशन पेलणार नाही. नाकातून नळी टाकून काही आठवडे दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट गाळून, प्रोटीन पावडर असं आहारतज्ज्ञांना विचारून भरपूर द्या. तोंडावाटे कमी गेल्याने भोकही कोरडं राहील. तंबाखू पूर्ण बंद हवाच, आणि "फक्त दाताला लावतो" म्हणून मशेरीही चालणार नाही. निकोटीन कुठूनही आत गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतातच.

एक गोष्ट आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. भोकातून किंवा तोंडातून लालभडक रक्त आलं, चमचाभर येऊन थांबलं तरी, फडकं घट्ट दाबून तडक मोठ्या रुग्णालयात जा. रेडिएशन झालेल्या मानेत मोठी रक्तवाहिनी फुटण्याआधी कधी कधी असा इशारा मिळतो.

---

दाढदुखी:

डेंटिस्ट आहे. डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे, माझं थोडंसंच. आप्पांचा उरलेला एखादा दात दुखत असेल तर रेडिएशन झाल्याचं सांगितल्याशिवाय तो कुठेही काढून घेऊ नका. त्या जबड्यातली दाढ उपटली की कधी कधी खड्डा भरत नाही आणि तिथूनच हाड मरायला लागू शकतं. फ्लोराइडची पेस्ट रोज, आणि मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ. आंतरजालावर हायपरबेरिक ऑक्सिजनबद्दल (जास्त दाबाच्या बंद खोलीत दिला जाणारा ऑक्सिजन) खूप वाचायला मिळेल. त्यामागचा पुरावा ठाम नाही. त्याच्यावर पैसे घालण्याआधी आप्पांच्या खाण्यावर घाला.

---

सीनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. टाका_डॉक्टर, तुमचा प्रतिसाद छापून मुंबईला नेला. तिथल्या मॅडमनी शांतपणे वाचला आणि प्रत्येक मुद्द्यावर बोलल्या.

बायोप्सीत कॅन्सर नाही. रिपोर्ट ऐकून आई तिथेच खुर्चीत बसून रडली. सीटीत हनुवटीकडचा सांधा जुळलाय, मागच्या सांध्यात फट आहे आणि तिथल्या मूळ जबड्याची एक कपची मेल्यासारखी दिसते. टीएसएच खूप वाढलेला निघाला, अल्ब्युमिन कमी. थायरॉइडची गोळी सुरू झाली, नाकातून नळी घातली. ऑपरेशन सहा आठवड्यांनी ठेवलंय, तोवर थायरॉइड आणि वजन थोडं तरी वर यावं म्हणून. प्लेट आणि मेलेली कपची काढणार, आणि छातीचा फ्लॅप त्याच वेळी करणार. माळावरचा वारा, तुमच्या चुलत्यांशी आप्पा अर्धा तास बोलले आणि फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, "करून टाकू."

एक राहिलं. ज्या पायातून हाड काढलं त्याचा अंगठा आत वळत चाललाय, चप्पल घालताना अडकतो. आणि तोंड उघडायचे व्यायाम आत्ता चालू ठेवायचे का?

---

चालते_व्हा:

फिजिओथेरपिस्ट आहे. अंगठा वाकवणारा स्नायू फिब्युलालाच चिकटलेला असतो. हाड काढल्यावर तो आखडतो म्हणून अंगठा आत ओढला जातो. खुर्चीत बसून टाच जमिनीवर टेकवायची, हाताने अंगठा वर ओढून तीसपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे रुंद असलेली, बंद लावता येणारी सँडल घ्या, अंगठ्याची चप्पल नको. सर्जननी घोट्याजवळ साधारण ६ ते ८ सेंमी हाड मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यामुळे घोटा ढिला पडण्याची भीती सहसा नसते, आप्पांना चालू दे. ऑपरेशनला जाणारा माणूस चालता असेल तर नंतर छातीत कफही कमी साठतो. हाड काढलं तिथे पायावर कातडी (ग्राफ्ट) लावली असेल तर तिला खोबरेल लावून हलक्या हाताने चोळा.

तोंडाचे व्यायाम मात्र आत्ता जोर लावून नकोत. मागच्या सांध्यात फट आहे, काड्या किंवा स्क्रूचा जॉ ओपनर घातला तर ती वाढेल. ऑपरेशननंतर सर्जन ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवसापासून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. आज किती काड्या मावतात ते सर्जनना विचारूनच, जोर न लावता, एकदा मोजून वहीत लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल.