शेवयांच्या मशीनसाठी कर्ज: बचत गटाचं की मायक्रोफायनान्सचं?

आटपाडीकर
नमस्कार मंडळी. वहिनीला शेवया-कुरडयांचं मशीन घ्यायचंय, उन्हाळ्यात बायका पीठ घेऊन येतात त्यांना किलोवर पैसे घेऊन करून द्यायचं. तिचा बचत गट जुना आहे पण बँकेचं प्रकरण रखडलंय, आणि एका मायक्रोफायनान्स (छोटी कर्जं देणाऱ्या) कंपनीचा माणूस चार दिवसांत ४० हजार देतो म्हणतोय, १२ टक्के फ्लॅट, वर्षभर दर आठवड्याला हप्ता. घेऊ दे का?

हिशोबी
फ्लॅटला भुलू नका दादा. १२ टक्क्यांनी ४,८०० व्याज, म्हणजे ५२ हप्ते साधारण ८६२ रुपयांचे. मुद्दल दर आठवड्याला कमी होत जातं पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४० हजारांवरच, म्हणून खरा दर २२-२३ टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी, विमा वेगळाच. आरबीआयच्या नियमांप्रमाणे सगळा खर्च धरून वर्षाचा दर फॅक्टशीटवर लिहून द्यावा लागतो, तो कागद आधी मागा.

गटातली ताई
मला व्याजापेक्षा हप्त्याची काळजी वाटते. शेवयांचा धंदा होळीपासून पावसाळा लागेपर्यंत, मग श्रावणात ८६२ कुठून आणायचे? तेव्हा बाई दुसऱ्या कंपनीकडून उचलून पहिलीचा हप्ता भरते आणि तिथंच सगळं बिघडतं. शिवाय कंपनीनं पाच जणींचा ग्रुप करून कर्ज दिलं असेल तर एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा होतात हो.
गट उमेदमध्ये (सरकारच्या बचत गटांच्या अभियानात) असेल तर बँकेचं कर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. बँक अडवत असेल तर सीआरपी ताईला, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या उमेदच्या गावातल्या ताईला घेऊन जा, आणि तोवर ग्रामसंघाच्या (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या) निधीतून काही मिळतंय का बघा.

म्हसवडची
आटपाडीहून आमचं म्हसवड जवळच, तिथल्या बायकांच्या माणदेशी बँकेत पण चौकशी करा. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी आरबीआयनं लायसन नाकारलं होतं, बायका परत गेल्या, म्हणाल्या आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, आणि १९९७ ला बँक उभी राहिली. आपल्या भागातल्या बाईला व्यवहार कळतो हो, तिला फक्त धंद्याला जुळणारा हप्ता पाहिजे.

आटपाडीकर
खूप आभार सगळ्यांचे. वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणते कंपनीला नको म्हणून सांगा, सोमवारी सीआरपी ताईंना घेऊन बँकेत जातो. अजून एक, घरच्या सिंगल फेजवर हे मशीन चालतं का, कुणी वापरलंय?