दोन जगांमधली प्रेमकथा: दार डोहात असावे का?

चर्चाप्रस्ताव

मराठीत समांतर विश्वांची अद्भुत प्रेमकादंबरी लिहायची झाली, तर एका जगातून दुसऱ्यात नेणारे दार कोणते असावे? माझ्या मते ते आपल्या कथापरंपरेत फार पूर्वीपासून आहे आणि त्याचे नाव ‘अट’. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली अप्सरा उर्वशी पुरूरवा राजाजवळ राहते ती अटीवर. त्याने तिच्या दृष्टीस विवस्त्र पडायचे नाही. गंधर्व रात्री तिची कोकरे पळवतात, राजा वस्त्र न घेताच धावतो, तेवढ्यात गंधर्व वीज चमकवतात आणि क्षणभराच्या त्या उजेडात उर्वशी नाहीशी होते. यंत्राची किंवा मंत्राची गरजच पडत नाही, कारण वचन मोडले की जग बदलते. आपल्या नद्यांच्या काठी शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या रूपात बसलेल्या साती आसरा या जलदेवता याच परंपरेतल्या. ‘आसरा’ हा शब्दच ‘अप्सरा’वरून आला. म्हणून आजची नायिका अशाच एखाद्या डोहातून वर यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १

व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष मुळीच मान्य नाही. आसरांना मावळात ‘मावलाया’ म्हणतात, म्हणजे त्या आया आहेत. बायका त्यांना हळदकुंकू, हिरवा खण आणि बांगड्या वाहतात. पोहायला गेलेला मुलगा बुडाला, तर त्यांनीच ओढून नेला असे गाव आजही म्हणते. माझी आजी डोहाजवळून जाताना आमचा हात घट्ट धरून गप्प चालायची, आणि त्या गप्प राहण्यात भक्ती किती व भीती किती हे मला अजून सांगता येणार नाही. ज्यांची पूजा चालू आहे, त्यांना प्रणयकथेची नायिका केले तर ती भीती आधी नाहीशी होईल, आणि भीती गेली की डोह नुसता देखावा उरेल. उर्वशी घ्या, तिचे कोणी नवस फेडत नाही.

प्रतिसाद २

मूळ शब्दच तपासावा असे मी सुचवतो. ‘समांतर विश्व’ म्हणजे काय, हे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत जयंत नारळीकरांनी दाखवले आहे: १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नाही, एवढ्या एका फरकावरून सगळा इतिहास वेगळा होतो. ते आपल्याच जगाचे दुसरे रूप आहे. पुराणांतले लोक, म्हणजे स्वर्ग-पाताळासारखी जगे, एकावर एक रचलेले आहेत. तिथे ‘दुसरे आपण’ भेटत नाही. मात्र प्रेमकथेला अधिक उपयोगी असे काही भागवतात आहे. रेवतीसाठी वर विचारायला ककुद्मी राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, चाललेले गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे, म्हणजे चार युगांची २७ आवर्तने, उलटतात. मनात योजलेले सगळे वर केव्हाच मृत झालेले असतात आणि रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. दोन जगांमधले अंतर काळाने मोजावे, असे माझे म्हणणे आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

पहिल्या प्रतिसादापुढे मी माघार घेतो. आसरांना नायिका करू नये, मात्र डोहाची राखण त्यांच्याकडेच राहावी. दुसऱ्या प्रतिसादातली रेवती मला मोहात पाडते, पण तिला काय हवे होते हे तिला कोणी विचारलेले दिसत नाही. उर्वशी मात्र स्वतः बोलते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५ व्या सूक्तात पुरूरवा तिची विनवणी करतो, तेव्हा ती म्हणते, ‘दुरापना वात इवाहमस्मि’, म्हणजे वाऱ्यासारखी मी हाती लागणे कठीण आहे. शतपथ ब्राह्मणातल्या कथेत तर अखेरीस अश्वत्थाच्या अरणींनी, म्हणजे घासून अग्नी पेटवायच्या लाकडांनी, अग्नी मंथून पुरूरवाच गंधर्व होतो. आपले जग सोडतो तो पुरुष, आणि मला कादंबरी लिहायची आहे ती याच वळणापासून.