रिलीव्हिंग लेटर अडवलंय, रेफरन्सही देत नाहीत. हक्क काय?

अंबडकर_क्यूसी: अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात सव्वातीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. राजीनामा ई-मेलने दिला, महिन्याची नोटीस पूर्ण केली. सिन्नरच्या नव्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) आणि दोन रेफरन्स (ओळखीच्यांची शिफारस) मागितलेत. जुना एचआर रोज "साहेबांची सही बाकी आहे" म्हणतो. फोनवर चौकशी आली तर वाईट सांगतील अशीही भीती आहे. चांगला रेफरन्स मिळणं हा माझा हक्क आहे का?

कामगार_कायदा: नाही. शिफारस करायला आपल्याकडचा कोणताही कायदा मालकाला भाग पाडत नाही. पण सेवा प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्यात फक्त पद आणि रुजू होण्या-सोडण्याच्या तारखा असतात, कौतुक नसतं. कारखान्याला स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) लागू असतील तर सेवा प्रमाणपत्राचं कलम त्यात शोधा. ते 'कामगारां'ना लागू असतात, आणि 'कामगार' ठरताना पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहतात. हाताखाली माणसं नसतील आणि तुम्ही फक्त तपासणी करत असाल तर तुमची बाजू भक्कम आहे.

फोन करणं थांबवा. राजीनाम्याच्या त्याच ई-मेलला उत्तर म्हणून लिहा: शेवटचा दिवस, ओळखपत्र व गेज (मोजमापाची साधनं) परत केल्याची तारीख, आणि सात दिवसांत सेवा प्रमाणपत्र द्यावं. तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा. तरीही हललं नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या, सोबत या प्रती जोडा. पगार अडकला असेल तर तोही लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन द्यावं लागतं.

पीएफ_सातपूर: लेटर येईपर्यंत पीएफची सर्व्हिस हिस्टरी, फॉर्म १६, शेवटच्या तीन पगारपावत्या, बँक स्टेटमेंट आणि राजीनाम्याचा ई-मेल नव्या एचआरला द्या. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं.

कंपनीने पीएफवर सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते: युएएन (पीएफ सदस्य क्रमांक) पोर्टल, मॅनेज, मार्क एक्झिट, आधार ओटीपी. तारीख शेवटची वर्गणी जमा झालेल्या महिन्यातलीच हवी. घाई करू नका, एकदा टाकलेली तारीख बदलणं सोपं नसतं. राजीनाम्यातल्या तारखेशी ती जुळली नाही, किंवा नव्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढली, की पडताळणीत दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसतात आणि पीएफ ट्रान्सफरही अडकतो. नेमकं इथेच सगळे घोळ होतात.

अंबडकर_क्यूसी: आणि फोनवर वाईट बोलले तर?

कामगार_कायदा: खरं आणि सद्‌हेतूने सांगितलेलं मत चालतं, तिथे कायदा मालकाच्या बाजूने आहे. धादांत खोटं, उदाहरणार्थ न केलेली चोरी, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकते. अडचण पुराव्याची. फोनवरचं कोणी लिहून देत नाही. म्हणून नव्या एचआरला सांगा, "पडताळणी कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर करा."

रेफरन्सही एचआरचाच द्यायला हवा असं नाही. थेट वरिष्ठ, प्रॉडक्शनचा इंजिनिअर किंवा ग्राहक कंपनीकडून ऑडिटला येणारा माणूस चालतो का, ते आधी विचारा. मग त्यांची परवानगी घेऊनच नंबर द्या.

पीएफ_सातपूर: पडताळणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी कोणत्या कंपनीशी संपर्क करणार ते वाचून घ्या. आज रुजू असलेल्या ठिकाणी फोन नको असेल तर तसं त्या फॉर्मवरच लिहा.