मदत हवी आहे: कामगिरीच्या रिव्ह्यूत 'इम्पॅक्ट' (आपल्या कामाचा परिणाम) म्हणून नेमकं काय लिहायचं?

मंडळी, छोट्या स्टार्टअपमधून एका मोठ्या टेक कंपनीत येऊन ८ महिने झाले. तिकडे सकाळी सुचलेलं संध्याकाळी लाइव्ह असायचं. इथे कोडच्या ४० ओळींच्या बदलाला ११ दिवस लागले: डिझाइन डॉक (बदल कसा करणार याचा लेखी आराखडा), दोन टीमकडून तपासणी, मग आधी फक्त १ टक्का युजर्सना रोलआउट. कारण पटतं, एक चूक कोट्यवधी लोकांना भोवू शकते. (पहिल्याच ऑनकॉलला, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीत, रात्री ३ वाजता पेजर वाजला, तेव्हा जरा जास्तच पटलं!)

पण आता सहामाही रिव्ह्यू आलाय आणि माझा निम्मा वेळ जुनी सिस्टीम समजून घेण्यात, दुसऱ्यांचा कोड तपासण्यात गेलाय. हे काम तुम्ही कसं मांडता? आकडे कुठून आणता? मॅनेजरशी आधीच बोलून घ्यावं का?