कारिवण्याच्या अर्कासाठी उंदीर मारणे आवश्यक आहे काय?

खानापूरहून:
जांबोटीकडच्या ओहोळांच्या काठी उगवणारा कारिवणा, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या एका वेलीचा पाला, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. शेजारच्या कन्नड घरांत त्यालाच ओंदेलग म्हणतात आणि त्याची ताकातली तंबुळी करतात. आमच्या ओळखीच्या एका गृहोद्योगाला आता या पानांच्या अर्काच्या गोळ्या काढायच्या आहेत, आणि त्यासाठी आधी पांढऱ्या उंदरांवर विषारीपणाची चाचणी करून घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. जी पाने आजीने नातवंडांना वाढली, त्यांची शहानिशा करण्यासाठी मुके जीव मारावेत हे मला पटत नाही. शिवाय उंदराला उलटी होतच नाही. मग जे खाऊन माणसाला मळमळते, त्याविषयी तो काय सांगणार?

टिळकवाडीहून (औषधनिर्माणशास्त्र शिकवते):
आपण पानांविषयी लिहिले आहे, चाचणी मात्र अर्काची आहे. मूठभर पाने ताकात वाटून कधीमधी जेवणात घेणे वेगळे, आणि किलोभर सुकी पाने अल्कोहोलमध्ये मुरवून, ते उडवल्यावर भांड्याच्या तळाशी उरणारा काळपट, चिकट गोळा महिनोन्‌महिने पोटात घालणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराचा अनुभव कोणत्याच आजीला नव्हता. याच वनस्पतीच्या गोळ्या घेणाऱ्या तीन स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

राहिला प्रश्न क्रूरतेचा. निम्मे प्राणी कोणत्या मात्रेला मरतात हे मोजणारी जुनी चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून २००२ मध्येच वगळण्यात आली. आता एका टप्प्यावर तीनच प्राणी, बहुधा माद्या, घेतात; बोथट टोकाच्या वाकड्या सुईने अर्क थेट जठरात सोडतात आणि चौदा दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवतात. तेही प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. मात्र वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅम देऊनही उंदीर जगले, एवढ्या आधारावर डबीवर ‘पूर्ण सुरक्षित’ असे छापणे ही मला लबाडी वाटते, कारण रोजच्या सेवनाचा परिणाम नव्वद दिवस अर्क देऊन, यकृत-मूत्रपिंडाचे काप तपासल्यावरच कळतो.

निपाणीहून:
बाईंचे म्हणणे मान्य आहे, पण क्रम चुकतो आहे. उंदराला दिलेली मात्रा माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे ते २००० मिलिग्रॅम माणसासाठी किलोमागे सुमारे ३२३ मिलिग्रॅम, आणि साठ किलोच्या माणसासाठी एकूण सुमारे १९ ग्रॅम होतात. हिशेब नेटका आहे, पण तो त्या एका नमुन्यापुरताच. आमच्याकडे तंबाखूवर फवारणी होते, आणि बांधालगतच्या ओलीत हीच वेल पसरते. ही वनस्पती जमिनीतले जड धातूही शोषून घेते. पानांची ओळख, कीटकनाशके आणि शिसे यांची तपासणी आधी व्हावी. तिला एकही उंदीर लागत नाही, आणि त्यात नापास झालेल्या मालासाठी उंदीर मारणे हा निव्वळ अपव्यय आहे. बेळगावातच पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे विचारणा करायला हरकत नसावी.

खानापूरहून:
अर्क आणि भाजी यांतला फरक मी लक्षात घेतला नव्हता, हे कबूल करतो. उंदरांबाबतचे माझे मत मात्र अजून बदललेले नाही. वरचे वाचून मी त्या गृहोद्योगाला पाने कोणत्या ओहोळावरची आहेत, एवढेच विचारले. ती ओहोळावरची नाहीतच. बाजारातून सुकी, पोत्याने आणलेली आहेत.