शिस्त की मंत्रचळ?

प्रश्न (एक आई, परभणी)
माझा मुलगा सहावीत आहे. अक्षर मनासारखे येईपर्यंत तो इतके खोडतो की पान फाटते, आणि पाणी टँकरचे असूनही हात धुऊन धुऊन त्याची बोटे भेगाळली आहेत. सासूबाई याला सोवळे म्हणतात. मला मंत्रचळाची, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती टाळता न येण्याच्या मानसिक आजाराची (ओसीडी), शंका येते. तपासणी कशी होते?

उत्तर (समुपदेशक, लातूर)
ताई, नकोसे विचार पुन्हा पुन्हा येतात का आणि हात धुतले नाहीत तर काय होईल असे वाटते, हे त्याला एकट्याला, न रागावता विचारा, कारण मुले लाजेपोटी हे लपवतात. ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २१ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. मात्र तिच्यावरून शंका बळावते इतकेच, निदान मनोविकारतज्ज्ञच करतात. अशा कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, तर थांबू नका. तोवर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलता येईल.

उत्तर (निवृत्त शिक्षक, बीड)
वर्गशिक्षकांनाही विचारावे. पेपर अर्धवट सोडणाऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही वर्षभर आळशी समजलो. तो बिचारा प्रत्येक ओळ चार-चारदा वाचत होता.

प्रश्नकर्ती
"हात स्वच्छ झाले ना?" असे तो दहादा विचारतो. उत्तर द्यावे का?

समुपदेशक
दरवेळी दिलेली ग्वाही ती सवय घट्ट करते. पण एकदम बंद करू नका. ती हळूहळू कशी कमी करायची, हे उपचारांतच शिकवतात.