सल्ला हवा: चिपळूणला आई-बाबांचे सगळे व्यवहार एकाच फोनवर, पर्यायी सोय काय करावी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा चिपळूणला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. दूध, भाजी, औषधे, रिक्षा आणि विजेचे बिल असा घरचा सगळा खर्च बाबांनी हळूहळू फोनवरील एकाच अ‍ॅपवर आणून ठेवला आहे. डेबिट कार्डाची मुदत संपली तेव्हा ‘आता ते लागते कुठे’ असे म्हणून त्यांनी नवे कार्ड मागवलेच नाही. बँकेतील खाते दोघांच्या नावे असले तरी आईकडे साधा, बटणांचा फोन आहे आणि तिने आजवर बँकेत एकटीने व्यवहार केलेला नाही.

हा फोन बिघडला, हरवला किंवा नेटवर्क गेले तर त्यांचे आठवडाभर अडू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. अटी तीन आहेत. वर्षाला पाचशे रुपयांहून अधिक खर्च नको, दुसरा स्मार्टफोन नको (बाबा तो वापरणार नाहीत) आणि घरात तीन हजारांहून जास्त रोकड नको, कारण आईला त्याची धास्ती वाटते. कृपया अनुभवी लोकांनी सुचवावे.

ठाणेकर_गॅजेट
सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसरा फोन. बारा-तेरा हजारांत उत्तम फोन मिळतो; त्यात वेगळ्या कंपनीचे सिम आणि वेगळ्या बँकेचे खाते ठेवावे. मी स्वतः अशीच व्यवस्था केली असून एक फोन खिशात आणि दुसरा बॅगेत असतो. माझे आजवर एकदाही अडलेले नाही.

निवृत्त_रोखपाल
धागाकर्त्याने ‘दुसरा फोन नको’ असे स्पष्ट लिहिलेले असताना पहिलाच सल्ला दुसऱ्या फोनचा यावा, हे या संकेतस्थळाच्या परंपरेला धरून झाले.

आधी बाबांचे पैसे नेमके कोठे आहेत ते पाहा. अ‍ॅपमधील वॉलेटमध्ये भरलेली रक्कम आणि यूपीआयने थेट बँक खात्यातून जाणारी रक्कम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वॉलेटमधील शिलकीवर व्याज मिळत नाही आणि ती शिल्लक त्या कंपनीच्या परवान्याशी बांधलेली असते. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि मुदतवाढीनंतर १५ मार्च २०२४ पासून तेथील वॉलेट, खाते व फास्टॅगमध्ये नव्याने पैसे भरणे बंद झाले. असलेली शिल्लक वापरता येत होती, त्यामुळे पैसे बुडाले नाहीत. परंतु ज्यांनी सगळी घडी त्या एकाच ठिकाणी बसवली होती, त्यांना ती दीड महिन्यात मोडावी लागली.

यूपीआयमध्ये पैसे बँकेतच राहतात, म्हणून ते अधिक बरे. तरीही वाटेत अनेक हात असतात. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा फोनपेची सेवा काही काळ ठप्प झाली, कारण तिचे व्यवहार त्या बँकेमार्फत होत होते. ज्यांचे खाते दुसऱ्याच, ठणठणीत बँकेत होते, तेही त्या दिवशी दुकानात फोन हातात धरून उभे राहिले. तेव्हा बाबांचे अ‍ॅप कोणत्या बँकेमार्फत चालते, हा प्रश्न निरर्थक नाही. एका खात्यावर दोन वेगळी अ‍ॅप ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

रोकड मात्र किमान पन्नास हजार हवी. तीन हजारांत आजकाल काय होते?

वाशिष्ठीकाठ
काका, धन्यवाद. वॉलेटमध्ये थोडीच रक्कम असते, बाकी सर्व यूपीआयने जाते. रोकड तीन हजार हीच मर्यादा राहील.

मंडणगडची_माहेरवाशीण
ज्यांनी निसर्ग चक्रीवादळ पाहिलेले नाही, त्यांना हा प्रश्न केवळ सोयीचा वाटेल. ३ जून २०२० रोजी ते वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब व मोबाईलचे मनोरे आडवे झाले. वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले. खात्यात पैसे होते, पण फोनला चार्ज नव्हता, चार्ज असेल तर रेंज नव्हती, आणि वीज नसल्यामुळे एटीएमही बंद होते. कौले आणि पत्रे विकणारा मनुष्य रोख मागत होता आणि त्याचेही बरोबर होते, कारण त्याला पुढचा माल रोखीनेच आणावा लागत होता. माझ्या आईने डब्यात ठेवलेल्या पैशांवर आमच्या वाडीतील चार घरांनी ते दिवस काढले. दहा हजार तरी ठेवा, तेही शंभर आणि पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट घेऊन सुट्ट्यासाठी हिंडणे हे तेव्हा एक वेगळेच संकट होते.

पेठमापकर
ताई, तुमचे म्हणणे मंडणगडला लागू पडेल, चिपळूणला अर्धेच पडते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा लोकांच्या कपाटातील नोटांचा लगदा झाला. आमच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड वाचवण्यासाठी ती घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले होते. रोकड हाच उपाय असे ठामपणे सांगणाऱ्यांनी ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. पैसे ठेवायचेच असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि वरच्या मजल्यावर ठेवावेत. तळमजल्यावरच्या देवघरात मुळीच ठेवू नयेत.

निवृत्त_रोखपाल
भिजलेल्या आणि फाटलेल्या नोटा बँकेत बदलून मिळतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पुरानंतर आमच्या शाखेत लोक त्या दोरीवर वाळत घालून आणत असत.

कल्याणची_सुगंधा
येथे सर्वजण वादळ आणि बँका यांवर बोलत आहेत, परंतु प्रत्यक्षात माणसाचा फोन चोरीला जातो. माझ्या सासऱ्यांचा फोन लोकलमध्ये गेला. आम्ही त्याच दिवशी त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले आणि आता अर्ध्या तासात सगळे सुरळीत होईल असे समजलो. तसे होत नाही. सिम बदलल्यानंतर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या क्रमांकावरील एसएमएस बंद ठेवले जातात. यूपीआयची नोंदणी करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जावा लागतो. तो जात नाही, म्हणून अ‍ॅप सुरू होत नाही. बँकेचा ओटीपीही येत नाही. दुसऱ्या दिवशी नोंदणी झाली की पहिले २४ तास साधारण पाच हजारांचीच मर्यादा असते.

आणि आता तुमच्या बाबांच्या बाबतीतील खरी अडचण सांगते. अ‍ॅप नव्याने सुरू करून पिन पुन्हा बसवायचा झाला तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख विचारतात. ज्यांच्याकडे चालू कार्डच नाही, त्यांना आधारच्या ओटीपीचा मार्ग उरतो, आणि तो तरी त्यांच्या बँकेत उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे लागेल. म्हणजे जे कार्ड ‘लागत नाही’ म्हणून सोडून दिले, तेच या फोनच्या कुलपाची दुसरी किल्ली होती. कार्ड मागवा. वार्षिक शुल्क बहुतेक तुमच्या पाचशेच्या आत बसेल.

फोन हरवल्यावर मात्र सर्वांत आधी सिम बंद करावे आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवावे. फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करावा. हे सगळे क्रमांक कागदावर लिहून आईंच्या पाकिटात ठेवा. फोनमध्ये जपून ठेवलेला क्रमांक फोन हरवल्यावर उपयोगाचा नसतो.

ठाणेकर_गॅजेट
म्हणूनच मी दुसरा फोन म्हणत होतो. दुसऱ्या क्रमांकाला हे २४ तास लागूच होत नाहीत.

कोथरूडचा_किराणा
दुकानदाराची बाजूही कोणीतरी मांडावी म्हणून लिहितो. काउंटरवर ग्राहक ‘पैसे गेले’ म्हणतो, आमचा स्पीकर गप्प असतो आणि मागे पाच माणसे खोळंबलेली असतात. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोहोचले नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. परंतु ग्राहक तेवढा वेळ माझ्याशी भांडतो. २०२५ मध्ये २६ मार्चला आणि पुन्हा १२ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआय अडखळले तेव्हा गल्ल्यात सुट्टे असलेल्या दुकानदारांचाच धंदा झाला.

दुसरे असे की एखाद्या अनोळखी ग्राहकाने फसवणुकीतून आलेले पैसे आमच्या खात्यात टाकले तर सायबर पोलिसांच्या पत्रावरून ती रक्कम, काही वेळा तर पूर्ण खातेच गोठवले जाते. शिवाय जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या उलाढालीवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तेथील अनेकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. उद्या चिपळूणच्या भाजीवालीनेही तसेच केले तर बाबा काय करणार?

सनदी_सदाशिव
उलाढाल मर्यादेपेक्षा अधिक असेल तर नोंदणी करावीच लागते, मग पैसे रोख घ्या वा फोनवर. मालाच्या विक्रीसाठी ती मर्यादा चाळीस लाख आहे. यूपीआयला दोष देण्याचे कारण नाही.

कोथरूडचा_किराणा
उलाढाल आणि नफा यांतील फरक ज्यांना दुकान चालवावे लागत नाही त्यांना समजावणे कठीण आहे. ताजी भाजी करमुक्त आहे, तरीही नोटीस आल्यावर उत्तर त्या बाईलाच द्यावे लागते.

उट्रेख्टवासी
विषय जीएसटीकडे गेलेला पाहून परत आणण्याचा प्रयत्न करतो. मी नेदरलँड्समध्ये राहतो, जिथे लोक पाव घ्यायलासुद्धा कार्डच पुढे करतात. येथील मध्यवर्ती बँकेने मे २०२५ मध्ये नागरिकांना सल्ला दिला की प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे ७० आणि मुलामागे ३० युरो घरी रोख ठेवावेत. त्याच्या थोडेच आधी, २८ एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली होती आणि रोकड नसलेल्यांची पंचाईत झाली होती. पाहा, म्हणजे पन्नास हजारांची काहीच आवश्यकता नाही. काही दिवसांचे अन्न, औषध आणि प्रवास भागेल एवढेच पुरेसे आहे. धागाकर्त्याच्या आईंचा तीन हजारांचा आकडा दोन माणसांसाठी फारसा चुकलेला नाही, असे माझे मत आहे.

निवृत्त_रोखपाल
युरोपचा हिशेब येथे चालत नाही. तेथे पावसाळ्यात परशुराम घाट बंद पडत नाही.

नवी_मुंबईकरीण
यूपीआय सर्कल सुरू करा. ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तुमच्या खात्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करण्याची मुभा बाबांना देता येते. पुण्याहून लक्षही ठेवता येते. शिवाय यूपीआय लाइटमध्ये थोडी रक्कम ठेवली तर बँकेचा सर्व्हर बंद असतानाही छोटे व्यवहार होतात.

कल्याणची_सुगंधा
सर्कल चांगले आहे, पण तेही बाबांच्या त्याच फोनवर चालणार आहे, म्हणजे फोन गेला की तेही गेले. लाइटला पिन लागत नाही. त्यामुळे उघडा फोन ज्याच्या हाती पडेल, तो ती शिल्लक संपवू शकतो. नेट पूर्ण बंद असेल तर नेहमीचे लाइटही चालत नाही. बटणांच्या फोनवरून यूपीआयने पैसे देण्यासाठी १२३पे ही सोय आहे, ती आईंना शिकवण्यासारखी आहे. मात्र संयुक्त खात्यावर त्यांचा स्वतःचा मोबाईल क्रमांक नोंदवला आहे का, ते आधी पाहा.

पुणे_५२
डेबिट कार्ड घ्यावे असे माझे मत आहे. कार्ड असले की प्रश्नच मिटतो.

पेठमापकर
वर कल्याणच्या ताईंनी ते सविस्तर लिहिलेले आहे. एक साधी गोष्ट मात्र कोणीच सुचवली नाही. खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे असेल तर आई पासबुक घेऊन शाखेत जाऊन पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करून रक्कम काढू शकतात. त्याला फोन, कार्ड, नेट यांपैकी काहीही लागत नाही. एकदा त्यांना शाखेत घेऊन जा आणि नमुन्याची सही तपासून घ्या. बहुतेक वेळा अडते ते सही जुळत नाही म्हणून.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे आभार. सुट्टीत घरी जाऊन आलो. येथील बहुमत कार्ड आणि जास्त रोकड या बाजूने होते, परंतु बाबांनी दोन्हींना नकार दिला. कार्ड घेतले की त्याचा पिन लक्षात ठेवावा लागतो आणि वर्षाला शुल्क द्यावे लागते, असे त्यांचे म्हणणे. आधारवरून यूपीआयचा पिन बसवण्याची सोय त्यांच्या बँकेत आहे, हे शाखेत विचारून खात्री करून घेतली, एवढेच. आईची सही जुळली नाही, म्हणून नवा नमुना देऊन आलो आणि तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने स्लिप भरून दोन हजार काढले.

बाकी व्यवस्था बाबांनी त्यांच्या पद्धतीने केली. वाणी, औषधवाला आणि दूधवाला या तिघांकडे त्यांनी पूर्वीसारखे महिन्याचे खाते उघडले आहे. सामान वहीत लिहायचे आणि एक तारखेला हिशेब चुकता करायचा. पैसे ते फोननेच देणार आहेत, पण महिन्यातून एकदाच; त्यामुळे मधले आठ दिवस फोन नसला तरी घर चालेल. भाजी आणि रिक्षा यांसाठी आईच्या पाकिटात तीन हजार आहेत, दहा-वीसच्या नोटांत. खर्च शून्य रुपये.

कोथरूडचा_किराणा
आपल्या वडिलांचा वाणी सज्जन दिसतो. मी वही बंद केली, कारण उधारी मागायला गेले की लोक ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगत.

निवृत्त_रोखपाल
वहीवर दर वेळी दोघांच्याही सह्या घ्याव्यात, आणि महिनाअखेरीची बेरीज बाबांनी स्वतः करावी. आणि तीन हजार कमीच आहेत.